चर्च स्ट्रीटचं कपाट आणि फोर कोर्ट्सची राख

डब्लिनमध्ये लिफी नदीच्या उत्तरेला चर्च स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. या रस्त्यावर कपुचिन या कॅथलिक संघाच्या व्रतस्थांचा जुना मठ आहे. मठाच्या दारातून निघून नदीकडे चालू लागलं की काही मिनिटांत फोर कोर्ट्स लागतं, मोठ्या घुमटाची न्यायालयांची इमारत. १९२२ पर्यंत आयर्लंडचं सरकारी दप्तर याच आवारात होतं आणि त्यात तेराव्या शतकापासूनचे कागद होते. यादवी युद्धाच्या पहिल्याच आठवड्यात ते जवळजवळ सगळं जळालं. शेजारच्या मठातले कागद मात्र राहिले.

आयरिश स्वातंत्र्यलढा आणि तिथलं धर्मजीवन यांच्याविषयी वाचताना मला ही दोन ठिकाणं नेहमी शेजारी शेजारी दिसतात. लढाऊ तरुण शेवटच्या रात्री काय बोलले, बिशपांनी बंद दाराआड काय ठरवलं, तुरुंगातल्या कैद्याला परमप्रसाद, म्हणजे उपासनेत मिळणारी पवित्र भाकर, का नाकारला गेला, हे सगळं कळतं ते मठांच्या कपाटांतून, बिशपांच्या पत्रव्यवहारातून, रोममधल्या एका महाविद्यालयातून आणि गावोगावच्या चर्चमधल्या वह्यांतून. "चर्च स्वातंत्र्याच्या बाजूने होतं की विरोधात?" असं लोक विचारतात. याचं उत्तर तुम्ही कोणतं कपाट उघडता त्यावर ठरतं. म्हणून या लेखात मी कपाटं एकेक करून उघडणार आहे, आणि प्रत्येक वेळी कागद कोणी, कधी आणि कोणासाठी लिहिला हे विचारणार आहे.

आधी थोडक्यात काळाची चौकट. १८०१ पासून आयर्लंडचा कारभार लंडनच्या पार्लमेंटातून चालत होता. १९११ च्या जनगणनेनुसार बेटावरचे सुमारे तीन चतुर्थांश लोक कॅथलिक होते. ईशान्येकडच्या अल्स्टरमध्ये प्रॉटेस्टंटांची मोठी वस्ती होती आणि त्यांना ब्रिटनपासून दूर व्हायचं नव्हतं. आयरिश नेते आधी सनदशीर मार्गाने होमरूल मागत होते. हा शब्द आपल्याला परका नाही, लोकमान्य टिळकांनी बेळगावात होमरूल लीग काढली ती एप्रिल १९१६ मध्ये. त्याच महिन्यात, २४ एप्रिलला, ईस्टरच्या सोमवारी डब्लिनमध्ये सशस्त्र उठाव झाला. तो सहा दिवसांत मोडला गेला. १९१९ ते १९२१ गनिमी युद्ध झालं, डिसेंबर १९२१ मध्ये ब्रिटनशी तह झाला, पण त्यातून पूर्ण प्रजासत्ताक मिळालं नाही. मग तह मान्य असलेले आणि नसलेले यांच्यात १९२२-२३ मध्ये यादवी पेटली.

कोठडीतला मेणबत्तीचा तुकडा

उठावानंतर मे १९१६ मध्ये किल्मेनम तुरुंगात चौदा जणांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांना शेवटचे भेटले ते बहुतेक चर्च स्ट्रीटचे कपुचिन: फादर अल्बर्ट, फादर ऑगस्टीन, फादर अलॉयशस, फादर कोलंबस, फादर सेबॅस्टियन. तुरुंग शहराच्या पश्चिमेला आणि मठ तसा जवळ. उठावाच्या दिवसांत त्यांच्याच फादर मॅथ्यू हॉलमध्ये जखमींवर उपचार चालले होते, आणि शरणागतीचे निरोप एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर न्यायलाही हेच लोक धावले होते. म्हणून मध्यरात्री लष्कराची गाडी यायची ती त्यांच्याच दाराशी.

८ मेच्या पहाटे फादर अल्बर्ट शॉन ह्यूस्टन या तरुणाकडे गेले. ह्यूस्टन रेल्वेत कारकून होता, वय पंचवीस. फादर अल्बर्टनी पुढे जे लिहून ठेवलं त्यात कोठडीतला काळोख आहे, टेबलावर मेणबत्तीचा छोटा तुकडा आणि काही पत्रं आहेत, हातात जपमाळ घेऊन गुडघे टेकलेला ह्यूस्टन आहे आणि थंडी फार असल्यामुळे त्याने अंगावर चढवलेला ओव्हरकोट आहे. पुढे त्याच्या छातीवर हृदयाच्या जागी पांढऱ्या कागदाचा तुकडा लावला गेला. अंगणात त्याला एका खोक्यावर बसवलं. ते साबणाचं खोकं असावं असं फादर अल्बर्टना वाटलं. आणि ह्यूस्टनने त्यांना एक आठवण केली: मला अभ्यंग करायला विसरणार नाही ना?

हा प्रश्न समजून घेतल्याशिवाय या कागदांचं मर्म कळत नाही. कॅथलिक धर्मात मरणोन्मुख माणसाला पवित्र तेल लावून अभ्यंग करतात. पण हा संस्कार आजारी किंवा जखमी माणसासाठी आहे. धडधाकट माणसाला, तो पुढच्या पाच मिनिटांत मरणार असला तरी, तो देता येत नाही. म्हणजे गोळ्या सुटल्यावर लगेच धर्मगुरूने धावत जाऊन तेल लावायचं. त्यासाठी तो तिथेच, काही पावलांवर उभा हवा. ३ मेच्या पहिल्या पहाटे पॅट्रिक पिअर्स, टॉमस मॅकडोना आणि टॉम क्लार्क यांना मारलं तेव्हा कपुचिनांना आधीच बाहेर जायला सांगितलं होतं. फादर अलॉयशसनी तक्रार केली आणि पुढच्या दिवसापासून त्यांना शेवटपर्यंत थांबू दिलं गेलं. लष्कराच्या लेखी हा एक किरकोळ बदल. इतिहासाच्या दृष्टीने मात्र फार मोठा, कारण त्या भिंतीआडचे साक्षीदार एरवी फक्त सैनिक राहिले असते. आपल्याकडे आज ह्यूस्टनची शेवटची मिनिटं आहेत ती एका संस्काराच्या नियमामुळे.

याच कागदांची दुसरी बाजूही लक्षात घ्यायला हवी. हे फादर कैद्यांचं पापनिवेदन ऐकायला गेले होते, आणि पापनिवेदनात ऐकलेलं कुठेही, कधीही सांगायचं नाही असा कडक नियम आहे. त्यामुळे त्या रात्रीचा सर्वांत महत्त्वाचा संवाद कोणत्याही कपाटात नाही आणि तो कधी सापडणारही नाही. आपल्यापर्यंत आलं आहे ते त्या संवादाच्या आधीचं आणि नंतरचं. या मौनाचा मला आदर वाटतो, आणि वाचणाऱ्याने ते मौन आपल्या कल्पनेने भरू नये असंही वाटतं.

इतक्या जपमाळा का?

१९१६ नंतरच्या वर्षभरातले धार्मिक कागद वाचले तर एक गोष्ट खटकते. प्रत्येक मृत तरुण कमालीचा भाविक दिसतो. रोज मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, जाणारा, चर्चमधल्या भक्तिमंडळाचा सदस्य, हातात जपमाळ. हे खोटं होतं का? नाही. उठावाच्या मुख्यालयात, म्हणजे डब्लिनच्या मोठ्या पोस्ट ऑफिसात, रात्री सामुदायिक जपमाळ होत होती, याला अनेक साक्षीदार आहेत. पण सगळा भर भाविकपणावरच का, याचं कारण लष्करी कायद्यात आहे.

उठावानंतर वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता. बंडखोरांच्या राजकारणाची स्तुती छापता येत नव्हती. 'कॅथलिक बुलेटिन' या धार्मिक मासिकाने वेगळी वाट काढली: महिन्यामागून महिने मृतांची छायाचित्रं आणि चरित्रं छापली आणि त्यांत बोललं ते त्यांच्या श्रद्धेबद्दल, कुटुंबाबद्दल, मागे राहिलेल्या विधवा-मुलांबद्दल. भाविक माणसाची आठवण छापण्याला सेन्सॉर हरकत तरी काय घेणार? मृत्यूला महिना झाला की होणाऱ्या मिस्सेचंही तसंच. सभेला बंदी होती, प्रार्थनेला नव्हती. लोक मिस्सेला जमले, बाहेर पडताना एकत्र चालले, आणि त्या चालण्याचा आपसूक मोर्चा झाला. मृतांच्या नावाची प्रार्थनापत्रं, म्हणजे छायाचित्र आणि प्रार्थना छापलेली छोटी कार्डं, घराघरांत गेली. आज ती अभिलेखागारांत भक्तीच्या वस्तू म्हणूनही नोंदवता येतील आणि राजकीय पत्रकं म्हणूनही. दोन्ही नोंदी बरोबर ठरतील.

या चित्रात न बसणारी आठवण टॉम क्लार्कची आहे. उठावाच्या जाहीरनाम्यावर पहिली सही त्याची. त्याची पत्नी कॅथलीन हिने पुढे सांगितलं की, आलेल्या धर्मगुरूने केल्या कृत्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त कर असं म्हटलं, तेव्हा क्लार्कने त्याला कोठडीबाहेर जायला सांगितलं. मासिकातल्या त्या महिन्यांच्या चरित्रांत अशा आठवणीला जागा नव्हती. ती घरात राहिली आणि बऱ्याच वर्षांनी बाहेर आली. एकाच तुरुंगाबद्दलचे हे दोन तऱ्हेचे कागद शेजारी ठेवले की कळतं, कोणत्या काळात काय छापता येत होतं हेच कागदाचा सूर ठरवतं.

बिशपांची टेबलं

मठातून बिशपांच्या कचेरीत आलो की हवा बदलते. कागदही बदलतो. इथे अधिकृत पत्रं, धर्मप्रांतभर वाचायची आज्ञापत्रं, बैठकांची टिपणं. बिशप सरकारशी बोलू शकत होते, सरकारही त्यांचं ऐकत होतं, त्यामुळे ते बहुधा जपून लिहीत.

याला ठळक अपवाद लिमरिकचे बिशप एडवर्ड ओड्वायर. जनरल मॅक्सवेल हा उठाव मोडणारा लष्करी अधिकारी. त्याने मे १९१६ मध्ये त्यांना लिहिलं की तुमच्या धर्मप्रांतातले दोन धर्मगुरू धोकादायक आहेत, त्यांना आवरा. १७ मेला ओड्वायरनी उत्तर दिलं. आपल्या धर्मगुरूंवर कारवाई करायला नकार दिलाच, वर शरण आलेल्या तरुणांना दयेची याचना करायलाही तू अवसर ठेवला नाहीस, असं जनरलला सुनावलं. पत्र छापलं गेलं आणि देशभर गाजलं. ओड्वायर काही जन्मभर बंडखोरांचे पाठीराखे नव्हते, पूर्वी जमिनीच्या चळवळीतल्या बहिष्काराला त्यांनी कडाडून विरोध केला होता. म्हणूनच या पत्राला वजन आलं.

बहिष्काराचा विषय निघालाच आहे तर एक वाट वाकडी करून सांगतो. 'बॉयकॉट' हा शब्द १८८० मध्ये मेयो परगण्यात जन्मला. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा एका जमीनदाराचा कारभारी. त्याच्याशी कुळांनी आणि गावाने सगळा व्यवहार तोडला, आपल्या भाषेत वाळीत टाकलं. या प्रकाराला सुटसुटीत नाव म्हणून त्याचंच आडनाव सुचवलं ते तिथल्या फादर जॉन ओमॅली यांनी, अशी माहिती त्या वेळच्या एका अमेरिकी पत्रकाराने दिली आहे. पंचवीस वर्षांनी स्वदेशी चळवळीत टिळकांच्या चतुःसूत्रीत 'बहिष्कार' आला. मराठीत हा एकच शब्द परदेशी मालालाही चालतो आणि धर्माबाहेर टाकण्यालाही. पुढची गोष्ट वाचताना हा दुहेरी अर्थ उपयोगी पडेल.

१९१८ च्या एप्रिलमध्ये ब्रिटनने आयर्लंडवर सक्तीची सैन्यभरती लादायचं ठरवलं. या वेळी बिशप आणि राष्ट्रवादी नेते एका बाजूला आले. १८ एप्रिलला मेनूथ इथल्या धर्मगुरूंच्या महाविद्यालयात बिशपांची बैठक झाली आणि तीनच दिवसांनी, रविवारी मिस्सेनंतर, चर्चच्या दारांशी लोकांनी सक्तीविरुद्धच्या प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या. आणि ही रीत फक्त कॅथलिकांची नव्हती. साडेपाच वर्षांपूर्वी, २८ सप्टेंबर १९१२ ला, अल्स्टरच्या प्रॉटेस्टंटांनी होमरूलच्या विरोधात असाच करार केला होता. आधी चर्चमध्ये प्रार्थना, मग सह्या. दोन लाख सदतीस हजारांहून अधिक पुरुषांनी मुख्य करारावर आणि दोन लाख चौतीस हजारांहून अधिक स्त्रियांनी त्यांच्या वेगळ्या घोषणापत्रावर सही केली. हे कागद आज बेलफास्टच्या सरकारी अभिलेखागारात आहेत आणि त्यांतली नावं कोणालाही शोधता येतात. दोन्ही बाजूंनी देवाच्या साक्षीने सही केली होती, हे मी विसरू शकत नाही.

मग १९२० चा डिसेंबर. ११ तारखेच्या रात्री ब्रिटिश दलांनी कॉर्क शहराचा मध्यभाग पेटवला. दुसऱ्या दिवशी बिशप डॅनियल कोहॅलन यांनी आज्ञा काढली: माझ्या धर्मप्रांतात जो कोणी दबा धरून हल्ला, अपहरण किंवा खून यांत भाग घेईल तो त्या कृत्यासरशी चर्चमधून बहिष्कृत. शहर जाळणारे ब्रिटिश आणि बहिष्कार आपल्याच पोरांवर, अशी लोकांची भावना झाली. आता इथे कपुचिनांचा कागद पुन्हा पुढे येतो. फादर डॉमिनिक हे कॉर्कच्या बंडखोर ब्रिगेडचे धर्मगुरू. ब्रिक्स्टन तुरुंगात ७४ दिवस उपोषण करून २५ ऑक्टोबर १९२० ला मरण पावलेले कॉर्कचे महापौर टेरेन्स मॅकस्विनी यांच्याजवळही तेच होते. त्यांनी ब्रिगेडच्या अधिकाऱ्याला लिहून कळवलं की खासगी माणूस म्हणून कोणी असं कृत्य करील तर त्याला हा बहिष्कार लागू होईल, पण तुम्ही ते प्रजासत्ताकाच्या अधिकाराने करता, म्हणून तुम्हाला तो लागू नाही. एकाच चर्चमधल्या दोन माणसांनी एकाच आठवड्यात काढलेले हे उलटे निष्कर्ष. भांडण श्रद्धेचं नव्हतंच, खरं सरकार कोणतं याचं होतं. आणि त्याच आठवड्यात, १५ डिसेंबरला, डनमॅनवे गावचे वयोवृद्ध धर्मगुरू कॅनन मॅग्नर यांना ब्रिटिश सहायक दलाच्या माणसाने रस्त्यात गोळी घातली.

ऑक्टोबर १९२२ चं पत्र

या सगळ्या कागदांत सर्वांत जास्त गैरसमज झाला आहे तो १० ऑक्टोबर १९२२ च्या पत्राबद्दल. यादवी सुरू होऊन तीन महिने झाले होते. नव्या आयरिश सरकारच्या बाजूने सगळ्या बिशपांनी मिळून हे पत्र काढलं आणि ते चर्चांमधून वाचलं गेलं. तह न मानणाऱ्या प्रजासत्ताकवाद्यांचं युद्ध म्हणजे कायदेशीर अधिकार नसलेला हिंसाचार, त्यात होणाऱ्या हत्या म्हणजे खून, असं त्यात म्हटलं होतं.

"बिशपांनी त्यांना बहिष्कृत केलं," असं आजही सर्रास लिहिलं जातं. पत्र नीट वाचलं तर त्यात तसं नाही. त्यात म्हटलं आहे की, ही शिकवण डावलून जे अशा गुन्ह्यांत भाग घेतील आणि हट्ट सोडणार नाहीत त्यांना पापक्षमा देता येणार नाही आणि परमप्रसादही देता येणार नाही. कोहॅलन यांच्या १९२० च्या आज्ञेत बहिष्कार होता, इथे संस्कारांची नाकाबंदी आहे. धर्मशास्त्राच्या दृष्टीने या दोन वेगळ्या गोष्टी. पण तुरुंगात बसलेल्या विशीतल्या मुलाला तो फरक कितीसा जाणवणार? यादवीत सुमारे बारा हजार प्रजासत्ताकवादी कैदेत गेले. संस्कार हवे असतील तर शस्त्र पुन्हा हाती घेणार नाही अशा अर्थाचं कबूल करा, असं अनेकांना सांगितलं गेलं. ज्या घरात रोज संध्याकाळी जपमाळ होत असे त्या घरचा मुलगा नाताळात परमप्रसादाशिवाय राहिला. याची जखम त्या पिढीच्या पत्रांत आणि आठवणींत पुन्हा पुन्हा उघडी पडते. मला वाटतं, आयर्लंडचा पुढचा इतिहास वाचताना या एका नकाराकडे आपण पुरेसं पाहत नाही.

कैद्यांच्या बाजूने रोमला दाद मागितली गेली. इथे आणखी एक कपाट उघडतं: रोममधलं आयरिश कॉलेज. धर्मगुरू होऊ इच्छिणारे आयरिश तरुण इथे शिकत. पण या कॉलेजचा प्राचार्य आणखी एक काम करत असे. आयर्लंडच्या बिशपांची व्हॅटिकनमधली सगळी कामं त्याच्यामार्फत चालत. त्यामुळे बिशप त्याला मोकळेपणाने लिहीत, सरकारवर खूश असलेले आणि नाराज असलेले दोघेही. १९१९ ते १९३० या काळातले प्राचार्य जॉन हेगन यांचा कल उघडपणे प्रजासत्ताकवाद्यांकडे होता, त्यामुळे राजकीय नेतेही त्यांना लिहीत. एकाच माणसाच्या टपालात दोन्ही छावण्या उतरल्या. त्यांची कागदपत्रं कॉलेजच्या अभिलेखागारात जपली आहेत. मे १९२० मध्ये सतराव्या शतकातले हुतात्मा आर्चबिशप ऑलिव्हर प्लंकेट यांना रोममध्ये धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं गेलं, तेव्हा जमलेल्या आयरिश बिशपांमध्ये आणि नेत्यांमध्ये राजकारणही पुष्कळ झालं.

१९२३ च्या मार्चमध्ये पोपने मोन्सिन्योर साल्व्हातोरे लुझियो या धर्माधिकाऱ्यांना आपले दूत म्हणून आयर्लंडला पाठवलं. ते पूर्वी मेनूथला धर्मकायदा शिकवत होते, म्हणजे देश ओळखीचा. तरी नव्या सरकारने त्यांना दाद दिली नाही आणि बिशपांनीही फारसं जवळ केलं नाही. त्यांना परत बोलावून घ्यावं लागलं. रोमच्या बाजूचे कागद वाचायला मात्र संशोधकांना थांबावं लागलं. व्हॅटिकनचं अभिलेखागार एकेका पोपचा काळ एकदम खुला करतं. १९२२ पर्यंतचा काळ १९८५ मध्ये खुला झाला आणि त्यापुढचा, १९३९ पर्यंतचा, २००६ मध्ये. लुझियोंच्या भेटीला तोपर्यंत ८३ वर्षं झाली होती.

काय जळलं, काय राहिलं

आता पुन्हा फोर कोर्ट्सकडे. एप्रिल १९२२ मध्ये तह न मानणाऱ्यांनी ही इमारत ताब्यात घेतली होती. २८ जूनला सरकारी सैन्याने तोफा डागल्या. आत लढणाऱ्यांबरोबर फादर अल्बर्ट आणि फादर डॉमिनिक होते. ३० जूनला प्रचंड स्फोट झाला आणि शेजारचं दप्तर पेटलं. अर्धवट जळालेले कागद वाऱ्यावर उडत समुद्रकाठच्या हाऊथपर्यंत जाऊन पडले.

या आगीत १८२१ ते १८५१ च्या चारही जनगणनांचे जवळजवळ सगळे तक्ते गेले. आणि धर्मजीवनाचं म्हणाल तर 'चर्च ऑफ आयर्लंड' या प्रॉटेस्टंट चर्चच्या एक हजाराहून अधिक धर्मग्रामांच्या नोंदवह्या गेल्या, म्हणजे पिढ्यान्पिढ्यांचे बाप्तिस्मे, लग्नं, दफनं. त्या तिथे का होत्या? ते चर्च पूर्वी सरकारमान्य होतं. १८६९ च्या कायद्याने ती मान्यता काढून घेतली, पण त्याच्या जुन्या वह्या सार्वजनिक दस्तऐवज ठरवल्या गेल्या आणि सुरक्षित राहाव्यात म्हणून सरकारी दप्तरात आणल्या गेल्या. कॅथलिक चर्चच्या वह्यांना सरकारने तसा दर्जा कधी दिलाच नव्हता. त्या खेड्यापाड्यांत, धर्मगुरूच्या घरातल्या कपाटात पडून होत्या, आणि म्हणूनच वाचल्या. पुढे त्यांची मायक्रोफिल्म झाली, आणि २०१५ पासून नॅशनल लायब्ररीच्या संकेतस्थळावर त्या कोणालाही मोफत पाहता येतात.

अशी वही उघडली तर लॅटिनमधली नावं दिसतात: बाळ, आईवडील, धर्ममातापिता, तारीख. विसाव्या शतकातल्या काही नोंदींच्या समासात नंतर लिहिलेली एखादी ओळही दिसते, या माणसाचं लग्न कुठे, कधी, कोणाशी झालं. ही समासातली ओळ १९०८ पासून लागू झालेल्या रोमच्या एका विवाहविषयक आज्ञेमुळे आली. 'ने तेमेरे' हे तिचं नाव. कॅथलिक धर्मगुरूसमोर न लागलेलं कॅथलिकाचं लग्न चर्च मानणार नाही, असा तिचा आशय. मिश्र विवाह करणाऱ्यांना याचा जाच झाला. बेलफास्टमधल्या अशाच एका कुटुंबाचं प्रकरण १९१० नंतर खूप गाजलं आणि होमरूल म्हणजे रोमचं राज्य असं म्हणणाऱ्या अल्स्टरच्या पुढाऱ्यांच्या हाती ते आयतंच सापडलं. वहीच्या समासातून दोन वर्षांत १९१२ च्या सह्यांपर्यंत रस्ता जातो तो असा.

आणखी एक मोठं कपाट सरकारनेच नंतर तयार केलं. १९४७ मध्ये आयरिश सरकारने 'ब्यूरो ऑफ मिलिटरी हिस्टरी' स्थापन केला आणि दहा वर्षांत लढ्यात भाग घेतलेल्यांकडून १,७७३ साक्षी लिहून घेतल्या. त्यांत फादर अलॉयशस आणि फादर ऑगस्टीन आहेत, आणि डब्लिनचे आर्चबिशप वॉल्श यांचे एकेकाळचे सचिव मायकल करन यांची दीर्घ साक्षही आहे. उठावाच्या सकाळी काउंट प्लंकेट, म्हणजे उठावाचे एक नेते जोसेफ प्लंकेट यांचे वडील, आर्चबिशपांच्या घरी आले आणि आपण नुकतेच रोममध्ये पोपना भेटून आल्याचं त्यांनी सांगितलं, हे करननी त्यात नोंदवलं आहे. या साक्षी पोलादी पेट्यांत बंद करून ठेवल्या होत्या. साक्ष देणाऱ्यांपैकी शेवटची व्यक्ती गेल्यावरच, २००३ मध्ये, त्या खुल्या झाल्या. त्यांचं मोल मोठं आहे, पण वाचताना एक भान ठेवायला हवं. तीस वर्षांनंतर बोलणारा माणूस मधल्या यादवीतून गेलेला असतो. कोणत्या गोष्टीवर तो पटकन पुढे सरकतो तेही पाहावं. फादर अल्बर्टची टिपणं याहून वेगळ्या जातीची आहेत, कारण ते १९२५ मध्येच वारले आणि त्यांनी जे लिहिलं ते ताज्या आठवणीतून लिहिलं.

वारले ते कॅलिफोर्नियात. यादवीत प्रजासत्ताकवाद्यांची साथ न सोडल्यामुळे फादर अल्बर्ट आणि फादर डॉमिनिक दोघांनाही अमेरिकेला जावं लागलं होतं. फादर डॉमिनिक १९३५ मध्ये ऑरेगनमध्ये गेले. १९५८ मध्ये दोघांचे अवशेष आयर्लंडला आणून कॉर्कजवळच्या रोचेस्टाउन मठात पुरले. त्यांची पत्रं चर्च स्ट्रीटच्या कपुचिन अभिलेखागारात आहेत.

स्त्रियांचे कागद अजून मागे आहेत. कॉन्व्हेंटमध्ये एक सिस्टर वर्षानुवर्षांचा वृत्तान्त लिहीत असते: कोणी व्रत घेतलं, कोण वारलं, बिशप कधी आले. अशा ओळींमध्येच कुठे गोळीबाराची, कुठे घरझडतीची ओळ सापडते. या वृत्तान्तांकडे इतिहासकार अलीकडे लक्ष देऊ लागले आहेत, आणि माझ्या मते पुढची महत्त्वाची माहिती इथूनच येणार आहे.

शेवटी एक पत्र. ह्यूस्टनबरोबर ८ मेच्या त्याच पहाटे मायकल मॅलिन यालाही गोळ्या घातल्या गेल्या. तो रेशीम विणणारा कारागीर होता. तरुणपणी ब्रिटिश सैन्यात होता आणि त्या नोकरीत भारतातही राहून गेला होता. आदल्या रात्री त्याने पत्नी ॲग्नेसला पत्र लिहिलं. त्यात मुलांसाठीही ओळी आहेत. छोट्या ऊनाला सांगितलं की सिस्टर हो. अडीच वर्षांच्या जोसेफला लिहिलं की जमलं तर धर्मगुरू हो. ऊना लोरेटो संघात सिस्टर झाली. जोसेफ जेझुइट संघाचा धर्मगुरू झाला आणि १९४८ मध्ये हाँगकाँगला गेला. तिथे त्याने अनेक दशकं मुलांना शिकवलं. उठावात मृत्युदंड झालेल्यांच्या मुलांपैकी शेवटपर्यंत राहिले ते फादर जोसेफ मॅलिन. १ एप्रिल २०१८ रोजी, वयाच्या १०४ व्या वर्षी, ते हाँगकाँगमध्ये वारले. त्या दिवशी ईस्टरचा रविवार होता.